शंकावहीचा सातवा खंड

१

अकरा खंड मोजून मी कपाटाला कुलूप लावलं होतं. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तेव्हाही ते अकराच होते. फक्त त्यातला एक आमचा नव्हता.

हे माझ्या लक्षात आलं ते लेखकरावांच्या समोर. तेच वाईट झालं. सकाळी अकराला ते आले, खिडकीजवळच्या त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत बसले, काठी टेबलाला टेकवली आणि म्हणाले, "बाई, काढा आमचा सातवा खंड. आत्मचरित्राचं सहावं प्रकरण अडलंय त्याच्यावाचून."

मी सहाव्याच्या शेजारचा लाल कापडी खंड ओढून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी उघडला. पहिल्या पानावर आठ वर्षांपूर्वी वाचनालयात येऊन गेलेल्या लोकांच्या सह्या होत्या.

"ही तर हजेरीवही आहे," ते म्हणाले.

हजेरीवही आणि शंकावही एकाच बाइंडरकडून यायच्या. त्याच लाल कापडात, त्याच जाडीत. मी परत कपाटाकडं गेले. एक ते सहा, आठ ते अकरा. सगळे होते. कपाट पार रिकामं करून पाहिलं, खाली वाकून पाहिलं, मागं हात घालून पाहिलं. सातवा नव्हता.

लेखकराव पंचाहत्तरीचे असले तरी आवाज अजून सभेचा होता. "कुलूप तुटलेलं नाही. काच फुटलेली नाही. किल्ली तुमच्या पर्समध्ये. मग बाई, या गावात कुलूप न तोडता उघडणारा माणूस कोण आहे, हे मी सांगायला हवं का?"

सांगायला नकोच होतं. उस्तादांचं किल्ल्यांचं दुकान आमच्या जिन्याखालीच होतं, आणि आदल्या दिवशी दुपारभर ते याच खोलीत बसलेले होते.

"आठ दिवस देतो," लेखकराव काठी उचलत म्हणाले. "नंतर पोलिसांत जाईन. तुमचं नाव घेईन की त्याचं, ते तुम्हीच ठरवा."

२

शंकावहीची सुरुवातही कुलपावरूनच झाली होती. एकतीस वर्षं झाली त्याला. मी तेव्हा वाचनालयात नवी होते. लेखकरावांची एक रहस्यकादंबरी गाजत होती आणि तिच्यात नायिका केसातल्या पिनेनं तिजोरी उघडत होती. एक दिवस उस्ताद एका हातात ती कादंबरी आणि दुसऱ्या हातात शेरभर वजनाचं कुलूप घेऊन जिना चढून आले. योगायोगानं लेखकराव तिथंच बसले होते. उस्तादांनी कुलूप त्यांच्यापुढं आपटलं, शेजारी पिनांचं पाकीट ठेवलं आणि म्हणाले, "उघडा. मी थांबतो."

अर्ध्या तासानं सगळे हसत होते, लेखकरावसुद्धा. तेव्हा हसणं त्यांना शोभायचं. त्याच दिवशी टेबलावर एक पेटी ठेवली गेली. गोष्ट लिहिणाऱ्या कुणालाही काही अडलं तर त्यानं चिठ्ठी टाकावी. नाव नाही लिहिलं तरी चालेल. शनिवारी मंडळी जमायची, मी चिठ्ठ्या वहीच्या डाव्या पानावर चिकटवायचे, आणि ज्याला जे ठाऊक असेल त्यानं ते उजव्या पानावर लिहायचं.

काय काय विचारलं लोकांनी! बुडालेल्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळ किती वेळ चालतं? मुका माणूस झोपेत बोलतो का? गाडीच्या डब्यात प्रेत असेल तर वास तिसऱ्या स्टेशनाला येईल की पाचव्या? या शेवटच्या प्रश्नावर आमच्या सिस्टरनं, म्हणजे मोठ्या दवाखान्यातल्या परिचारिकेनं, असं काही सविस्तर उत्तर लिहिलं होतं की दोन जणांनी त्या शनिवारी बिस्किटं परत केली. पोस्टमास्तर एकेका प्रश्नाला तीन-तीन पानं लिहायचे आणि शेवटी "कळावे" असं लिहून सही ठोकायचे. कुणाला एका पैचा फायदा नव्हता. पण आपल्याला जे येतं ते कुणाच्या तरी गोष्टीत जाऊन बसणार, याचं अप्रूप होतं. नवी कादंबरी आली की उस्ताद आधी कुलपाचं पान वाचायचे, आणि बरोबर असलं तर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

आता इमारत पाडायची होती. वाचनालय बंद होणार होतं. अकरा खंड विद्यापीठ घेणार, त्यांची छायाचित्रं काढणार आणि जगातल्या कुणालाही घरबसल्या वाचता येतील असं करणार. म्हणून त्या शुक्रवारी जुनी मंडळी शेवटची खंड चाळायला जमली होती. सिस्टर, उस्ताद, मास्तर. लेखकरावही तासभर येऊन गेले. दुसऱ्या दिवशी सातवा काढून ठेवा, असं तेव्हाच सांगून गेले.

एकच जण यायचे राहिले होते. त्यांचं परवाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी पर्स उचलली आणि त्यांच्या घराकडं निघाले.

३

त्यांचं खरं नाव छापखान्यातसुद्धा कुणी घेत नसे. चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यात एक काना कधी सुटला नाही की एक मात्रा कधी घसरली नाही. म्हणून कानामात्रा. आम्ही कानामात्राकाका म्हणायचो.

ते काळा चष्मा लावून बाहेरच्या खोलीत बसले होते. मी सगळं सांगितलं. माझं संपल्यावर म्हणाले, "आता उलट्या बाजूनं सांग. कुलूप लावलंस तिथून मागं."

मी सांगितलं. साडेचारला कुलूप लावलं. त्याआधी खंडांची रांग मोजली, अकरा भरले. त्याआधी उस्तादांनी मला पलीकडच्या खोलीत नेलं होतं. खिडकीची कडी ढिली झालीय, इमारत पडायच्या आधी खिडकी पडेल, म्हणाले. कडी चांगली घट्ट होती. त्याआधी मी खालून चहा घेऊन आले होते.

"चहा सगळ्यांनी घेतला?"

"सिस्टरनं घेतला. उस्तादांनी घेतला. मास्तर…" मी थांबले. "मास्तरांचा कप तसाच राहिला. ते घाईनं निघून गेले. चारची डाक निघायच्या आत काहीतरी टाकायचंय म्हणाले."

"मास्तरांनी चहा सोडला?" काकांनी चष्म्याआडून माझ्याकडं मान वळवली. "नोकरीत असताना तार आली तरी कप संपवूनच उठायचा तो माणूस."

मग म्हणाले, "बाकीचे दहा खंड इथं आण. माझे डोळे बंद आहेत, तुझे उघडे आहेत. तू वाच, मी ऐकतो."

"काका, खंड सातवा हरवलाय. बाकीचे दहा वाचून काय मिळणार?"

"ज्यानं हे केलं त्यानं ते कुठंतरी शिकलं असणार," ते म्हणाले. "आणि आपल्या गावात असल्या गोष्टी शिकायची एकच शाळा होती."

४

दोन दिवस मी वाचत होते. खरं सांगायचं तर चोरी मी मध्येमध्ये विसरूनच जायचे. पानं उलटताना माणसं परत भेटत होती. औषधाच्या दुकानातले दादा, ज्यांनी विषाच्या प्रत्येक प्रश्नाला "हे विचारणारा लेखकच आहे ना?" असं आधी लिहून मग उत्तर दिलं होतं. सर्कशीत जाळी बांधणारी एक बाई, दोनच शनिवार आली, आणि उंचावरून पडताना माणूस काय विचार करतो यावर अर्धं पान लिहून गेली. कितीतरी जण आता नव्हते. त्यांचं अक्षर मात्र कालच लिहिल्यासारखं होतं.

काका मध्येच हात वर करायचे. "हे परत वाच."

दुसऱ्या खंडात कुणी विचारलं होतं, की रुग्णालयातून एक रोगी पळून गेला तर पहारा बदलताना ते लक्षात कसं येत नाही? सिस्टरचं उत्तर होतं: 'मोजणारी माणसं नाही, पांघरुणं मोजते. रांग भरलेली दिसली की डोळा पुढं सरकतो. गादीवर उशी ठेवून वर पांघरूण घाला.'

पाचव्या खंडात उस्तादांनी लिहिलं होतं: 'चांगलं कुलूप फोडायची सर्वांत सोपी वेळ म्हणजे ते लावायच्या आधी.'

आणि नवव्यात मास्तर. कुणाच्या तरी नायकाला एक कागद असा लपवायचा होता, की घराची झडती झाली तरी सापडू नये. 'स्वतःच्याच पत्त्यावर साध्या डाकेनं पाठवावा. डाकेत पडलेली वस्तू कुणाचीच नसते आणि हुकुमाशिवाय तिला कुणी हात लावू शकत नाही. लांबचं गाव मध्ये घातल्यास आठ-दहा दिवस निर्धास्त. कळावे.'

मी वही मिटली.

"उस्तादांनी मला खिडकीशी नेलं," मी म्हणाले. "सिस्टरनं खंड काढून तिथं हजेरीवही ठेवली. मास्तरांनी…"

"नाही, मास्तर तोवर गेला होता. आधी अदलाबदल, तू चहा आणायला गेलीस तेव्हा. तेव्हाच पुडकं बांधून मास्तर निघाला. खिडकीची कडी नंतरची. तू कुलूप लावायच्या आधी खंड उघडून बघू नयेस, तुला घाई व्हावी, म्हणून." ते किंचित हसले. "तुझ्या टेबलावरचा सुतळीचा गुंडा तपासलास का? कमी झाला असेल."

झाला होता. मला तो शनिवारीच लहान वाटला होता, आणि मी स्वतःलाच वेंधळी म्हटलं होतं.

पण मला राग यायला लागला होता. "तिघं? काका, तिघंही? एकतीस वर्षं ज्या वह्या आम्ही पोटच्या पोरासारख्या जपल्या, त्या अशा… आणि उस्तादांवर आळ आला तरी दोघं गप्प!"

"आळ येईल हे उस्तादला ठाऊक होतं. तरी तो तयार झाला." काकांनी पलंगाखाली बोट दाखवलं. "ती पत्र्याची पेटी ओढ. माझी सूची आहे. सातव्या खंडाचं पान काढ. एकेचाळिसावा प्रश्न."

५

प्रत्येक खंडाची सूची काका स्वतःसाठी करायचे. कुणी सांगितलं नव्हतं, सवय. लांबलेले प्रश्न ते थोडक्यात लिहायचे. एकेचाळिसावा मात्र त्यांनी जसाच्या तसा उतरवला होता. मी वाचला.

'माझ्या कथेंतली बाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन घरांतून निघते. नवऱ्याला तिचा माग लागतां कामा नये. तिनें काय काय करावें?'

मी परत वाचला. मग काकांकडं पाहिलं. "काका, तुम्ही? इतकी टिंबं चुकीची?"

"मी चुकवली नाहीत. चिठ्ठीत होती, म्हणून ठेवली." त्यांनी काळा चष्मा काढला आणि बरा डोळा चोळला. "आपल्या आजोबांच्या काळात असंच लिहायचे. 'घरांत', 'नाहीं'. उच्चार नाही, तरी डोक्यावर टिंब. पुढं ती पद्धत गेली. पण एका बाईला तिच्या आजोबांनीच लिहायला शिकवलं होतं, तिच्या हातातून ती गेली नाही. ती नवऱ्याच्या कादंबऱ्यांच्या सुवाच्य प्रती करायची. छापखान्यात त्या माझ्या टेबलावर यायच्या. अकरा वर्षं मी तिची टिंबं खोडत होतो."

मला लेखकरावांच्या पत्नी आठवल्या. सभेत मागच्या रांगेत बसणाऱ्या, पुढं बोलावलं तरी न येणाऱ्या. भावाकडं गेल्या, तिथं मुलीला आणि त्यांनाही ताप आला, दोघीही गेल्या, असं लेखकरावांनी सांगितलं होतं. आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. मी रडलेही होते.

"बावीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी," काका म्हणाले. "अक्षर वेडंवाकडं, डावीकडं झुकलेलं. नवऱ्यालाही ओळखू आलं नाही. त्याच्या पुढच्या कादंबरीची प्रत आली ती दुसऱ्याच कुणाच्या हातची. एक टिंब नव्हतं. माझ्या आयुष्यातलं पहिलं हस्तलिखित, ज्यात खोडायला काही नाही म्हणून मी इतका खूश झालो."

"आणि तुम्ही कुणालाच…"

"माझ्याकडं फक्त टिंबं होती. बाकीच्यांकडं काय होतं, ते त्यांनाच विचारू. बोलाव तिघांना."

तिघंही संध्याकाळी आली. काकांनी काही आडपडदा ठेवला नाही. एकेचाळीस, एवढाच आकडा म्हणाले. सिस्टर खुर्चीत बसता बसता थांबली.

"मनगट मीच बांधलं होतं तिचं," ती म्हणाली. "उजवं. पायरीवरून पडले म्हणाली. पायरीवरून पडलेलं मनगट तसं मोडत नाही, पिरगळलेलं मोडतं. आठ दिवसांनी ती चिठ्ठी पाहिली. डाव्या हातानं लिहिलेलं मी रोज बघायचे गं, प्लास्टरवाल्यांच्या सह्या. मी उत्तरात लिहिलं, की कथेतल्या बाईनं दवाखान्यातून आपले कागद मागून घ्यावेत, तारखेसकट, आणि मुलीला गुंगीचं औषध अजिबात देऊ नये, नुसतं पोटभर खाऊ घालून निघावं. दुसऱ्या दिवशी ती कागद न्यायला आली. मी तयारच ठेवले होते."

"मला त्यानं घरी बोलावलं होतं," उस्ताद म्हणाले. मान खाली. "दाराला असं कुलूप बसव म्हणाला, जे फक्त बाहेरून उघडतं. चोरांची भीती वाटते म्हणे. मी बसवलं. पोटासाठी बसवलं. मग ती चिठ्ठी आली आणि मी सही न करता लिहिलं, की अशा कुलपाचे आतल्या बाजूचे चार स्क्रू काढले की कुलूपच हातात येतं. पेचकस लागत नाही, चमच्याचा दांडा पुरतो."

मास्तर घसा खाकरत होते. "घरची सगळी पत्रं फक्त त्यांच्याच हातात द्यायची, असा लेखी अर्ज होता त्यांचा. बायकोच्या नावाचीसुद्धा. मी उत्तरात लिहिलं, की बाईनं पत्रव्यवहार पोस्टात ठेवून घ्यावा. अमुक गावच्या पोस्टात माझी एक जुनी सहकारी आहे, ती विचारपूस करणार नाही." ते अडखळले. "गावाचं नाव लिहिलं मी. शाईनं. माझ्याच अक्षरात. चिठ्ठीवाली अजून तिथंच राहते. आणि शुक्रवारी हा गृहस्थ म्हणतो, सातवा खंड काढून ठेवा."

"एकमेकांना तुम्ही कधी बोलला नाहीत?" मी विचारलं.

"शुक्रवारी जिन्यात पहिल्यांदा," सिस्टर म्हणाली. "बावीस वर्षं मला वाटत होतं, मी एकटीच ओळखून आहे."

उस्ताद म्हणाले, "मलाही तसंच वाटायचं." मास्तरांनी नुसती मान हलवली.

मग काकांनी विचारलं, "त्या पानावर चार उत्तरं आहेत. चौथं कुणाचं, आठवतंय का?"

आठवत होतं. चौथं उत्तर लेखकरावांचं होतं.

६

मास्तरांनी वाचनालयाच्याच पत्त्यावर टाकलेलं पुडकं कधी ना कधी परत येणारच होतं. आल्यावर काय करायचं, यावर मात्र आमचं एकमत होईना. उस्ताद म्हणाले, पान फाडून जाळा. मास्तर म्हणाले, खंडच गहाळ झाला असं लिहून देऊ. काका ऐकेनात. "मी जन्मभर चुका खोडल्या. खरं लिहिलेलं एक अक्षर खोडलेलं नाही."

शेवटी सिस्टर म्हणाली, "आपण कोण ठरवणार? प्रश्न तिचा आहे, तिला विचारा."

मास्तरांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या पत्त्यावर पत्र टाकलं. मी विद्यापीठाला फोन केला आणि वह्यांना वाळवी लागलीय, औषध मारतोय, पंधरा दिवसांनी या, असं धडधडीत सांगितलं. लेखकरावांना निरोप धाडला, की खंड चुकून दुसऱ्या सामानाबरोबर डाकेत गेलाय, येतोय. आठवडाभर मी दर सकाळी जिन्यात उभी राहून पोस्टमनची वाट पाहिली. एखाद्या नवथर पोरीनं पाहावी तशी.

पुडकं आधी आलं. दोन दिवसांनी तिचं पत्र. मास्तरांनी ते मलाच वाचायला दिलं.

तिनं लिहिलं होतं, की पान काढू नका. ते चार जण त्या पानावर बोलले नसते तर ती आणि मुलगी जिवंत असत्या की नाही, सांगता येत नाही. अजून कुणाला तरी असंच निघायचं असेल, आणि विचारायला गोष्टीशिवाय दुसरं निमित्त नसेल. तिला ते पान सापडू दे. फक्त गावाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवा. त्या गावात तिनं पोस्टात टपाल निवडायचं काम केलं, मग टंकलेखन शिकवलं. मुलगी इंजिनिअर झाली, पुलांची कामं करते, आणि साइटवर मोठ्यानं ओरडून बोलते, आईला ते फार आवडतं. शेवटी एकच ओळ होती: 'त्यांना वाचायचें असेल तर वाचूं द्या. आतां मला भीति वाटत नाहीं.'

मी पट्टी चिकटवली. बोटानं दोनदा दाबली.

शनिवारी लेखकराव आले. आम्ही पाचही जण हजर होतो. काका काळा चष्मा लावूनच आले होते. मी खंड लेखकरावांपुढं ठेवला. ते पानं उलटत गेले, मध्येच हसले, स्वतःचं एखादं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं, "काय लिहायचो मी तेव्हा!" म्हणाले. मग एकेचाळिसाव्यावर आले.

डावं पान त्यांनी भराभर वाचलं. उजव्या पानावर स्वतःचं अक्षर दिसल्यावर सवयीनं तेही मोठ्यानं वाचायला लागले.

"'असा नवरा पहिल्यांदा माहेर पाहील. मग मैत्रिणी. मग स्टेशन. म्हणून बाईनं बसनं जावं आणि उलट्या दिशेला जावं. तो दोन-तीन महिने शोधेल. मग…'"

आवाज खाली आला. पुढचं त्यांनी वाचलं, पण ओठातल्या ओठात. आम्हाला ते पाठ होतं. 'मग लोकांना सांगायला तो एक गोष्ट रचेल. आणि पुढं पुढं तीच खरी मानू लागेल.'

ते परत डाव्या पानावर गेले. यावेळी ते चिठ्ठी वाचत नव्हते, बघत होते. अकरा वर्षं ज्या टिंबांकडं त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं, त्यावर त्यांचं बोट एकेक करून फिरत होतं. मग सिस्टरची सही. मास्तरांची. बिनसहीचं चमच्याच्या दांड्याचं उत्तर वाचून त्यांनी मान वर केली आणि उस्तादांकडं पाहिलं. उस्तादांनी नजर वळवली नाही.

पट्टीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इथं काय होतं?"

"मुलगी आहे का?" हे त्यांनी कुणालाच उद्देशून विचारलं नाही. सभेचा आवाज कुठल्या कुठं गेला होता.

सिस्टर उठली. तिचे गुडघे दुखतात, तिला वेळ लागतो. त्यांच्यासमोरचा खंड तिनं हलकेच मिटला, स्वतःकडं ओढला आणि म्हणाली, "आहे. बरी आहे. ह्यापुढं काही विचारू नका."

त्यांनी काठी उचलली. मग निघाले. जिन्यात ते काठीनं पायरी चाचपायला लागले, तेव्हा उस्ताद खाली गेले आणि शेवटच्या पायरीपर्यंत त्यांच्या पुढं एकेक पायरी उतरत राहिले.

लेखकरावांचं आत्मचरित्र पुढं आलं नाही. मंगळवारी विद्यापीठाची माणसं खोकी घेऊन आली. मी एकेक खंड उघडून, पहिलं पान बघून, त्यांच्या हातात दिला. अकराही आमचेच होते.